वडाखालची पेढी

दलाल स्ट्रीटवरून जाणाऱ्याचे लक्ष प्रथम शेअरबाजाराच्या वास्तूकडे जाते. परंतु आपापला स्वतंत्र धंदा एकाच छपराखाली करणाऱ्या शेअरदलालांचा मेळा त्या वास्तूच्या कितीतरी आधी, १८५० नंतरच्या दशकात, मुंबईच्या टाऊन हॉलसमोरील वडाच्या सावलीत जमू लागला होता. ना भाडे, ना दफ्तर, ना सरकारी सनद, अशा त्या जागी सौदा तोंडी ठरे. आणि शब्द हेच तारण असल्यामुळे कोणाची पत किती, कोण वायद्याला जागतो, याची पारख रोजच्या सहवासातूनच होई.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, तिकडचा कापूस इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, त्यांची मागणी हिंदुस्थानी कापसाकडे वळली आणि मुंबईत पैशाचा लोट आला. बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या अमदानीत सट्टा असा फोफावला, की बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या भागाचा भाव पन्नास हजारांच्या वर चढला. १८६५ साली युद्ध संपले, १ जुलैस वायदे पुरे करण्याची वेळ आली आणि भल्याभल्या मातबर पेढ्यांचे दिवाळे निघाले.

एवढ्या आघातानंतरही जो मेळा विखुरला नाही, ज्याने रस्तोरस्ती जागा बदलीत अखेर १८७४ साली आजच्या दलाल स्ट्रीटवर ठाण मांडले, त्यानेच ९ जुलै १८७५ रोजी आपली रीतसर संस्था स्थापिली. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. एवढ्या रकमेत इमारत उभी राहत नाही. मात्र परस्परांना पुरते ओळखणाऱ्यांना नियमांनी बांधून घेण्यास ती पुरेशी होती. १८८७ साली विश्वस्तपत्राचा दस्तऐवज झाला आणि स्वतःच्या सभागृहाचे उद्घाटन व्हावयास १८९९ साल उजाडले.

आधी माणसे आणि मग इमारत, असा हा क्रम होता. याउलट, अलीकडे सामायिक कार्यालयांची जी प्रथा रूढ झाली आहे, तिचे एक आद्य प्रवर्तक ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत असे स्थळ उघडले, तेव्हा पहिला महिनाभर तिकडे कोणी फिरकले नाही. म्हणून आपल्या गावी असे कार्यालय काढू इच्छिणाऱ्यांनी जागेचा करारनामा करण्यापूर्वी तेथे बसू शकतील अशा स्वतंत्र धंदेवाल्यांना दर आठवड्यास एकत्र बसवावे, त्यांच्या अडीअडचणी एकमेकांच्या कानी घालाव्यात, आणि मग किती खोल्या लागतील हे त्यांनाच ठरवू द्यावे.