वणव्यापासून वस्त्यांचे रक्षण : धार-देवासच्या विंध्यपट्ट्याचा धडा

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला पवार घराण्याच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. माळव्याच्या काळ्या मातीचे, गहू-हरभऱ्याचे पठार हे या जिल्ह्यांचे सर्वज्ञात रूप. मात्र दोन्ही जिल्ह्यांचा दक्षिण भाग विंध्य पर्वताच्या कड्यावरून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतो. धार जिल्ह्यात मांडूचा परिसर आणि देवास जिल्ह्यात बागली, उदयनगर, कन्नौद व खिवनी अभयारण्याचा परिसर याच पट्ट्यात येतो. येथील जंगल शुष्क पानझडी असून त्यात साग, सालई, धावडा, पळस, मोह आणि तेंदू हे वृक्ष आढळतात. या जंगलाच्या कडेला आणि उतारावर भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू आदी समाजांच्या वस्त्या आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ त्यांच्यासाठी वणव्याच्या धोक्याचा असतो.

वणवा का लागतो?

हिवाळा सरता सरता सागाची रुंद पाने गळतात आणि जमिनीवर कोरड्या पाचोळ्याचा थर साचतो. त्याला ठिणगी मिळते ती बहुधा मनुष्याच्या हातून. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला कोवळी, मोठी पाने फुटावीत या समजुतीने झुडपे जाळली जातात. गहू काढल्यानंतर शेतात उरलेली धसकटे, ज्यांना माळव्यात ‘नरवाई’ म्हणतात, पेटवली की आग बांध ओलांडून रानात शिरते. याशिवाय विझवल्यावाचून फेकलेली विडी आणि वाटसरूंनी मागे सोडलेली चूल ही कारणे आहेतच.

या आगींमागे सहसा दुष्ट हेतू नसतो, त्यामागे पोटाचा व्यवसाय असतो. म्हणून केवळ बंदीने त्या थांबत नाहीत; त्याच कामाची दुसरी रीत उपलब्ध व्हावी लागते. मोहाखालची जमीन खराट्याने झाडली किंवा झाडाखाली जाळी बांधली, तर आगीची गरज उरत नाही. जाळीत पडलेले फूल मातीविना राहत असल्याने त्याला भावही चांगला मिळतो. तेंदूसाठी झुडपांची छाटणी हा मान्य उपाय आहे. तोडणीच्या हंगामापूर्वी योग्य वेळी छाटणी केल्यास पाने उत्तम येतात. धसकटे नांगरून मातीत मिसळली किंवा त्यांचा भुसा केला, तर जनावरांना चारा आणि जमिनीला खत मिळते.

आगीचा स्वभाव

या भागातील वणवा प्रायः जमिनीलगत धावतो. तो शेंड्यांवर क्वचितच चढतो. त्यामुळे पाचोळा नसलेला अरुंद पट्टाही त्याला पुष्कळदा अडवतो. मात्र उतारावर त्याची गती बदलते. चढावर ज्वाला पुढच्या गवताला आधीच तापवते, म्हणून उतार साधारण दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुपटीच्या आसपास जातो. कड्याच्या वरच्या टोकावरील घराला सर्वाधिक धोका असतो तो यामुळेच.

घर आणि अंगण

भिल्लांची वस्ती ‘फलिया’ म्हणून ओळखली जाते. तेथील घरे दाटीने नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात असते. त्यामुळे एका घराची आग दुसऱ्यावर सहज जात नाही. पण प्रत्येक घराची जंगलाला लागलेली सीमा स्वतंत्र असते आणि मदतही लांबून येते. बांबू-लाकडाच्या भिंती, गवती किंवा कौलारू छप्पर, शेजारी चाऱ्याची गंजी आणि जळणाची रास अशी रचना असल्यास एका ठिणगीने धान्य, जनावरे आणि घर तिन्ही गमावली जाऊ शकतात.

म्हणून पुढील कामे फेब्रुवारीपूर्वी उरकावीत. घराभोवती निदान दहा मीटर जागा गवत व पाचोळ्यापासून मोकळी ठेवावी. उताराच्या बाजूस ती अधिक रुंद असावी. गंजी आणि जळण घरापासून दूर, शक्यतो चढाच्या बाजूस रचावे. छपरावर व पन्हाळीत साचलेली पाने काढावीत. पाण्याचे भरलेले पिंप, फावडे आणि हिरव्या फांद्यांचे झोडपे हाताशी असावेत. वणवा दिसताच जनावरांची दावी सोडावीत.

गाव आणि वनविभाग

जंगलाच्या सीमेवर वनविभाग जाळरेषा आखतो. पट्ट्यातील गवत कापून वाळवायचे आणि वारा पडलेला असताना देखरेखीखाली जाळायचे, ही तिची पद्धत. जाळरेषा एकदा आखून भागत नाही. पाने गळतच असल्याने ती उन्हाळाभर पुन्हा पुन्हा झाडावी लागते. येथे गावाचा हात अपरिहार्य ठरतो. भिल्ल समाजात ‘हलमा’ नावाची प्रथा आहे. एकाच्या अडचणीत साऱ्यांनी मोबदला न घेता श्रमदानाला यायचे, असा तिचा संकेत. जाळरेषेच्या सफाईला ही प्रथा साजेशी आहे.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या आधारे आगीची सूचना वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवते. या सूचनेचा मोठा आधार असला तरी तिला मर्यादा आहेत. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो आणि एका चित्रबिंदूत सुमारे ३७५ मीटरचा प्रदेश सामावतो. लहान आग प्रथम दिसते ती गुराख्याला. वनरक्षकाचा क्रमांक प्रत्येक घरी असणे म्हणूनच आवश्यक ठरते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणे आणि ती विझवण्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे.

गोव्याशी नाते

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या डोंगराळ भागांत वणवे पेटले आणि ते विझवण्यासाठी नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. गोव्याचे रान विंध्याच्या रानाहून अधिक ओले. तरीही काजूच्या बागायतीत हंगामापूर्वी पाचोळा जाळण्याची सवय आणि मोहाखालची आग यांचे मूळ एकच. हेलिकॉप्टर येते तेव्हा डोंगर पेटलेला असतो. खराटा आणि फावडे त्याआधीच्या दोन महिन्यांत उपयोगी पडतात, आणि वस्ती वाचते ती त्या दोन महिन्यांतच.