टाकी खाली, इंजिन वर : ट्रकच्या फीड पंपाची हकीकत



धानाची पोती भरून तुमसरच्या बाजाराला निघालेला जुना ट्रक दोन-चार झटके देतो आणि वाटेतच बंद पडतो. टाकीत डिझेल असतं. मग कोणी नॉझल उघडतो, कोणी मोठा पंप उतरवायला सांगतो, आणि भाड्याची सारी कमाई तिथंच जाते. पुष्कळदा दोष असतो तो मुठीएवढ्या फीड पंपाचा. हा पंप गाडीवर आला कशासाठी, हे कळलं की तो तपासणंही सोपं जातं.

विहिरीवरचं जुनं किर्लोस्कर इंजिन आठवा. त्याची टाकी वरच्या अंगाला असते. डिझेल आपल्या वजनानंच खाली उतरतं, तिथं ओढणाऱ्या पंपाची गरज नाही. पहिल्या मोटारींचीही हीच रीत होती. अमेरिकेत १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीची टाकी सीटखाली असे. पेट्रोल कमी असलं आणि उभा चढ लागला की टाकी इंजिनाच्या खाली जाई व गाडी अडे. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढवीत! पुढे इंजिनाच्या ओढीनं पेट्रोल वर खेचणारी एक छोटी टाकी आली. पण लांब चढावर इंजिन जोरात चालवलं की तीच ओढ कमी पडे.

यावर कायमचा उपाय निघाला तो १९२०च्या दशकात. इंजिनाच्या कॅमनं हलणारा दांडा आणि त्यानं वरखाली होणारा पडदा, एवढंच त्याचं यंत्र. असे पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव 'एसी', म्हणजे तिचे संस्थापक अल्बर्ट चॅम्पियन यांची आद्याक्षरं. आपले मिस्त्री आजही 'एसी पंप' म्हणतात तो हाच. थंड हवेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही!

डिझेलची अडचण वेगळी होती. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन जर्मनीत ऑग्सबर्गला १८९७ साली यशस्वी झालं, पण त्यात इंधन दाबाच्या हवेनं फुंकावं लागे. तो कॉम्प्रेसर इतका अवजड, की गाडीवर कोण चढवणार? १९२७ साली बॉशनं इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली, तेव्हा डिझेल ट्रकचा रस्ता मोकळा झाला. हा मोठा पंप दाबायला पैलवान, पण लांबून ओढायला दुबळा. म्हणून त्याच्या कुशीला, त्याच्याच कॅमवर चालणारा छोटा फीड पंप बसवला. तो टाकीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मोठ्या पंपाच्या तोंडाशी आणून देतो.

आपल्या देशात बंगळूरला १९५१ साली 'मायको' कंपनी निघाली व हे पंप इथंच होऊ लागले. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार केला, १९५५ साली अशोक लेलँड उभी राहिली. लेलँडचा एक कारखाना तर आपल्याच जिल्ह्यात गडेगावला आहे.

आता कामाचं. पंपाला दोष देण्याआधी टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र, पाइप आणि फिल्टर बघा. छिद्र बुजलं तर नवा पंपही ओढणार नाही. मग फीड पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून भांड्यात धरा व इंजिन सेल्फवर फिरवा. डिझेल ठोक्याठोक्यानं जोरात यायला हवं. नुसतं ठिबकलं, तर पंप गेला समजा.

पंप खोलण्याआधी ती जागा ब्रशनं स्वच्छ करा. कचऱ्याचा एक कण आत गेला तर मोठा पंप खराब होतो. नळ्यांची तोंडं बंद ठेवा. जुनं पॅकिंग खरवडून काढा, तांब्याचे वायसर नवेच घाला. बसवताना कॅमचा उंचवटा दांड्यावर येत असेल तर इंजिन हातानं थोडं फिरवून घ्या. पंप नीट टेकल्यावरच नट आळीपाळीनं आवळा. जोर करून ओढून बसवलेला पंप दांडा मोडतो.

नंतर एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हाताचा प्राइमर मारा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपाच्या स्क्रूवर तेच करा. चालू नॉझलच्या फवाऱ्याजवळ हात नेऊ नका. तो फवारा कातडीत शिरतो. तसं झालं तर जखम लहान दिसली तरी थेट दवाखाना गाठा.

एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात. पंपाचा पडदा किंवा सील फाटलं की डिझेल कधी कधी इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग जळतं, आणि मग खर्च पंपाचा राहत नाही, साऱ्या इंजिनाचा होतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल खुणेच्या वर चढलं असेल किंवा डिझेलचा वास येत असेल, तर सगळं ऑइल व त्याचा फिल्टर बदला. मोठ्या पंपात ऑइल वेगळं असेल तर तेही बघा.

ही रीत जुन्या गाड्यांची. कॉमन रेलच्या नव्या ट्रकची नळी रस्त्यावर खोलू नका, तिथं दाब फार मोठा असतो. जुन्या ट्रकला मात्र पाने, दोन वायसर आणि स्वच्छ फडकं पुरतं. इंजिन सुरू झालं की दहा मिनिटं उभं चालू द्या आणि फीड पंपाच्या सांध्यांवर फडकं फिरवून पाहा, ते कोरडं राहिलं तर पोती पुढे न्यायला हरकत नाही.