सरकारचा वकील कुणाचा?

आमचे आजोबा जिल्हा कोर्टात सरकारी वकिलांचे कारकून होते. काळा कोट त्यांच्या अंगाला कधी लागला नाही, पण पी.पी. साहेबांच्या केसेस सांगताना 'आम्ही लढलो', 'आम्ही सोडली' असंच म्हणायचे. एक गोष्ट ठरलेली. दरोड्याच्या खटल्यात दोन पंचनामे, दोन वेगळ्या गावांतले, पंचही वेगळे. पण दोन्हींवर तीच जांभळी कॉपिंग पेन्सिल, तेच वळण, आणि 'समक्ष'मधला 'क्ष' दोन्हीकडे सारखाच चुकलेला. साहेबांनी फौजदाराला बोलावून सांगितलं, हे मी कोर्टापुढे ठेवणार नाही. फौजदार चिडला, "साहेब, तुम्ही आमचे वकील ना?" साहेब म्हणाले, "तुमचा नाही. सरकारचा." यात साहेबांचं किती आणि आजोबांचं किती, देव जाणे.

थोरले काका आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात राहून आलेले. ते म्हणत, "अण्णा, तुमचे साहेब राहू द्या. दिल्लीतले बघा."

दिल्लीतले म्हणजे तेव्हाचे ॲटर्नी जनरल नीरेन डे. आणीबाणीत कलम २१ साठी कोर्टाची पायरी चढायची सोय राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली होती. तरी नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असं ठरवलं. आपलं नागपूर खंडपीठही त्यांत होतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं. डिसेंबर १९७५ मध्ये न्या. खन्नांनी डे यांना विचारलं : वैयक्तिक वैरातून पोलिसाने एखाद्याला ठार मारलं, तरी दाद नाही? डे यांचं उत्तर होतं, माझा युक्तिवाद धरला तर आणीबाणी असेतो नाही.

वकीलवर्गात एक दंतकथा फिरायची की न्यायमूर्तींना हादरा बसावा म्हणून डे मुद्दामच इतकं उघड बोलले. आजोबांचा तिच्यावर विश्वास. काका हसत. मीही काकांच्याच बाजूचा. हादरा द्यायचा होता तर राजीनामा होता की! फली नरिमन यांनी तो जून ७५ मध्येच दिला होता. ते अतिरिक्त सॉलिसिटर जनरल. राज्यघटनेत या पदाचं नावसुद्धा नाही. डे यांच्या पदाला मात्र आख्खं कलम ७६ आहे, संसदेत बोलायचा हक्क आहे. घटनेने ज्याला खुर्ची दिली तो युक्तिवाद करत राहिला, आणि ज्याच्या खुर्चीचा घटनेला पत्ताच नाही असा माणूस उठून गेला.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल सरकारच्या बाजूने लागला, चार विरुद्ध एक. वेगळं मत एकट्या खन्नांचं. चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. मुंबई हायकोर्टात एके काळी तेही सरकारी वकीलच होते. हे नाव निघालं की आजोबा विषय बदलत आणि एच. एम. सीरवाईंवर येत. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत राज्याचे महाधिवक्ता. पुढे त्यांनी आपल्या राज्यघटनेवरच्या ग्रंथात या निकालाची सालटी काढली.

"सीरवाई त्या वेळी खुर्चीवर असते तर..." आजोबा सुरू करत.

"तर काढलं असतं त्यांना," काका म्हणत. "राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच ना ती खुर्ची?"

"मग काढावं लागलं असतं ना! कुणी काढलं, कधी काढलं, तेवढं तरी कागदावर आलं असतं."