लहान खालचा जबडा आणि दातांची जुळणी

वरच्या जबड्याच्या मानाने खालचा जबडा आखूड राहिला, की दातांच्या दोन रांगा एकमेकींवर नीट बसत नाहीत. चेहरा बाजूने पाहिल्यास हनुवटी मागे गेलेली दिसते.

कारणे : काही घराण्यांत ही ठेवण आनुवंशिक असते. फ्रेंच तज्ज्ञ पिएर रोबिन यांनी १९२३ मध्ये वर्णिलेल्या विकारात जन्मतःच जबडा लहान असतो, जीभ मागे सरकून श्वास अडतो. पुष्कळदा टाळूही दुभंगलेली असते. लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानातला पू पसरल्याने कानापुढचा सांधा जखडला, तर तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढ खुंटते.

दातांची ठेवण : अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढांच्या जुळणीवरून तीन वर्ग पाडले. लहान जबड्याचे बहुतेक रुग्ण दुसऱ्या वर्गात येतात. त्यांची खालची दाढ मागे बसते. वरचे पटाशीचे दात साधारणपणे खालच्या दातांच्या २-३ मिलिमीटर पुढे असतात. या रुग्णांत हे अंतर बरेच वाढते. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकून त्यांना आणखी पुढे ढकलतो. टेकायला समोर दात नसल्याने खालचे दात वर येऊन टाळूला लागतात; ही ‘डीप बाइट’. जबडा मागे-खाली फिरत वाढल्यास पुढे फट राहते. ती ‘ओपन बाइट’. एकाच बाजूचा सांधा जखडल्यास हनुवटी त्याच बाजूला वळते.

उपचार : वाढीच्या वयात, साधारण १० ते १३ वर्षांदरम्यान, ‘ट्विन ब्लॉक’ उपयोगी पडतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये आणलेल्या या दोन पट्ट्यांचे उतरते ठोकळे खालचा जबडा पुढे धरतात; त्या जेवतानाही घालायच्या असतात. वाढ संपल्यावर मोठ्या तफावतीसाठी शस्त्रक्रिया लागते. जखडलेला सांधा आधी मोकळा करून तोंड उघडण्याचा व्यायाम नेटाने चालू ठेवावा लागतो.

विदर्भातील सोय : अमरावती आणि अकोला येथे दंत महाविद्यालये आहेत, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांचे दातही तपासले जातात. मूल हनुवटीवर पडले, तर वरची जखम शिवून थांबू नये. सांध्याचाही एक्स-रे काढावा. मुलाची स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. वाढीची वर्षे हातची गेली, की साध्या पट्टीने होणारे काम शस्त्रक्रियेवर जाते.