वहीतला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या पेढीवर पाटावर दोन गोष्टी मांडलेल्या असतात. ताटात चांदीचा रुपया आणि शेजारी हळदकुंकू वाहिलेली कोरी वही. रुपयाची पूजा का करावयाची, हे लहान मुलालाही कळते. वहीची पूजा का, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. व्यापाऱ्याला विचाराल, तर तो हसून सांगेल की, तिजोरीतला पैसा थोडा. खरा पैसा येण्यादेण्याचा, आणि तो वहीत असतो. नाणे आणि वही ही लक्ष्मीची दोन रूपे फार पूर्वीपासून एकत्र नांदत आली आहेत.

हल्ली आमच्या वडूजच्या बाजारात मेथीची जुडी घेतली तरी पैसे हातातून हातात जातीलच असे नाही. भाजीवाली काळ्यापांढऱ्या चौकोनांचा कागद पुढे करते, गिऱ्हाईक त्यावर फोन धरते आणि व्यवहार पुरा होतो. त्याच्याही पुढचे पाऊल म्हणून रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. हा रुपया टांकसाळीत पाडीत नाहीत की कागदावर छापीत नाहीत. तो नुसता नोंदीत असतो. ‘हा असला कसला पैसा?’ असे म्हातारी माणसे विचारतात. प्रश्न भाबडा नाही. त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावयास हवे.

देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी हलविणाऱ्या महंमद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास तांब्यापितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यावीत असा हुकूम फर्मावला. कल्पना वेडगळ नव्हती. आजची नोट त्याच कल्पनेवर चालते. पण ते नाणे कोणालाही घरी पाडता येई. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि अखेर सुलतानाला तांबे परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजावी लागली. नाण्याचा धातू हलका असला तरी एक वेळ चालते. शिक्का हलका असून भागत नाही.

याच्या उलट गोष्ट रायगडावरची. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता. आपले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, अशी त्याची एक मागणी होती. महाराजांच्या उत्तराचा आशय मोठा मार्मिक आहे. कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके चोख आणि वजनदार असेल, तर खुशाल चालेल. पैसा हुकमाने जन्मत नाही, घेणाऱ्याच्या विश्वासाने जन्मतो, हे शिवछत्रपतींनी किती थोडक्यात सांगून टाकले!

पुढे पेशवाईत चांदवडी, अंकुशी, हाळी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरू लागले. एका रुपयाचा दुसरा करून घ्यावयाचा म्हणजे सराफाला बट्टा द्यावा लागे. शेतकऱ्याने धान्य विकून एक रुपया आणावा, सारा दुसऱ्या रुपयात भरावा, आणि मधला बट्टा त्याच्या कनवटीतून जावा! याच काळात पुण्याच्या पेढीवर रक्कम भरून घेतलेली हुंडी काशीला वटत असे. नाणे जागचे हलत नसे. हलत असे तो कागद आणि दोन पेढ्यांच्या वह्यांतील नोंदी. त्यावरही हुंडणावळ होतीच. म्हणजे दूरदेशी पैसा नोंदीने पाठविण्याची युक्ती आपल्याला नवी नव्हे. तिचा खर्च कोणावर पडतो, हा प्रश्नही नवा नव्हे.

१८३५ साली कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० साली ती निम्म्यावर आली आणि १९४७ सालच्या रुपयात चांदी औषधालाही उरली नाही. तो निकेलचा झाला. आमच्या खटाव-माण, खानापूर-आटपाडी या दुष्काळी टापूतील हजारो माणसे सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. त्या रुपयाची मुशीत काय किंमत होईल, हे गलाईवाल्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी तोही बाजारात गेला की त्या निकेलला रुपयाच म्हणत असे. धातू निघून गेला, भरवसा राहिला.

त्या भरवशाचे बळ केवढे असते पाहा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला. गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्यानंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याने गावोगाव निवाडे केले, साधेपणाने लग्ने लावली, गुंडांना वचक बसविला. पण स्वतःचा रुपया काढला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. त्या साडेपाच लाखांवर छाप इंग्रज राजाचीच होती! राज्य नाकारता आले, त्याचा पैसा नाकारता आला नाही. कारण वाण्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे तोच घेत होते.

मग नोंदीच्या पैशाला भ्यावयाचे कारण काय? ते कारणही इतिहासातच सापडते. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर. त्या मिळतील तेथे त्यांनी जाळल्या. वही लिहिणारा एक, ती वाचता न येणारा दुसरा, आणि घर जाणार ते दुसऱ्याचे! पुढे १८७९ सालच्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने कुळाला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. वही बंद झाली नाही, ती कुळाला दाखविणे भाग पडले.

आजचा डिजिटल रुपया म्हणजे नाण्याचा अंश मुळीच नसलेला, केवळ वहीचा रुपया. बँकेतील ठेव हे त्या बँकेचे आपल्याला दिलेले वचन असते. डिजिटल रुपया हे नोटेप्रमाणे खुद्द रिझर्व्ह बँकेचे वचन आहे. नोटा छापण्याचा, वाहण्याचा खर्च त्याने वाचेल. पण उद्या सर्वांनी ठेवी काढून हाच रुपया जवळ केला, तर बँकांनी कर्जे कशातून द्यावयाची? सोसायटीचे पीककर्ज, दुकानदाराचे भांडवल या साऱ्याचे मूळ ठेवीत असते. म्हणूनच या रुपयावर व्याज ठेवलेले नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या, आणि आठवड्याच्या आत, १४ नोव्हेंबरला, त्या नोटा स्वीकारण्यास जिल्हा सहकारी बँकांना मनाई झाली. वरच्या वहीतील एक ओळ बदलली की खालच्या शिवारात काय होते, हे तेव्हा खेड्यांनी अनुभवले आहे.

शिवाय हा रुपया अमुकच कामाला खर्चावा, असा बांधूनही देता येतो. खताचे अनुदान खतालाच लागावे हे ठीक. पण रुपयाची थोरवी अशी की, तो कशावर खर्चावयाचा हे ज्याच्या हाती आला तो ठरवितो. सक्तीचा मार्ग तर परदेशातही फसला. एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन घेणे दुकानदारांवर बंधनकारक केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते बंधन कायद्यातून काढून टाकले. रायगडावरचे उत्तर साडेतीनशे वर्षांनीही खरे ठरले म्हणावयाचे!

तेव्हा वाचकहो, नव्या रुपयाकडे पाहून नाक मुरडू नये, आणि डोळे मिटून हातही जोडू नयेत. बट्टा कोण भरतो ते विचारावे. आपल्या नावची नोंद आपल्याला वाचता येते का, चुकली तर कोणाकडे दाद मागावयाची, ते पाहावे. आणि डोंगरकडेच्या वाडीत रेंज नसेल त्या दिवशी भाजीवालीला ‘आज रोख दे, माय’ असे म्हणण्याची मोकळीक राहिली पाहिजे. ती राहिली, तर तो रुपया वहीत असला काय आणि कनवटीला असला काय, लक्ष्मीच होय.