श्रावणबाळाची कावड आणि शासनाचा कागद

शासकीय योजनांची नावे लक्षपूर्वक वाचण्याची सवय आम्हां साहित्याच्या वाचकांना सहसा नसते. तरीही ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ हे नाव थांबून वाचावे असे आहे. पासष्टी ओलांडलेल्या निराधार वृद्धांना दरमहा ठरावीक रक्कम देणारे शासन या नावातून स्वतःला मुलाच्या जागी उभे करते. कथेत मात्र शासनकर्ता दशरथ आहे आणि श्रावणाचा जीव त्याच्याच बाणाने जातो. त्यानंतर आंधळ्या आईबापांना पाणी कोण देणार, याची कोणतीही तरतूद कथेत नाही. ती दोघे प्राण सोडतात.

या तरतुदीचा इतिहास पाहू लागलो की अहमदनगर जिल्ह्यापाशी (२०२४ पासून अहिल्यानगर) थांबावे लागते. हा जिल्हा अवर्षणाचा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनुसार ज्या दुष्काळसंहिता तयार झाल्या, त्यांनी माणसांची विभागणी केली : धडधाकटांना काम, आणि म्हातारे, आंधळे, पांगळे यांना फुकट मदत. राज्य बदलले तरी ही विभागणी टिकली. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. ज्यांना काम करता येत नाही त्यांच्यासाठी १९८० मध्ये, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार योजना आली. एकाला ‘हमी’, दुसऱ्याला ‘अनुदान’. दोन शब्दांतले हे अंतर अपघाती नसावे, असे आम्हांस वाटते.

१९९५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा त्याची रक्कम महिना ७५ रुपये होती. महाराष्ट्रात ही मदत २०१९ मध्ये १००० आणि २०२३ मध्ये १५०० रुपयांपर्यंत आली. या पैशाला तुच्छ लेखण्याचे पाप आम्ही करणार नाही. औषधाची गोळी, चहा-साखर आणि कोणापुढे हात न पसरण्याचा मान यांची किंमत ज्याची त्यालाच ठाऊक. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायला हात लागतात, आणि हात मनीऑर्डरने येत नाहीत, बँकेच्या खात्यातही जमा होत नाहीत.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्याने हे हात कुठे शोधायचे ते सांगितले : मुलांकडे. निर्वाहखर्च न देणाऱ्या मुलांविरुद्ध आता न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी कलम १९ आहे. जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निर्धन वृद्धांना सामावेल असे वृद्धाश्रम शासन स्थापन ‘करू शकेल’. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या क्रियापदाकडे पाहावे. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांमध्ये एक अख्खे म्हातारपण निघून जाते. शिवाय क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. १५० जागा सारख्या वाटल्या तर तालुक्याच्या वाट्याला अकराही येत नाहीत. अकोल्याच्या डोंगरातल्या आजीने उरलेले दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी, अनोळखी बोलीत काढावेत, हे या आखणीत गृहीत आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. घरी उरतात म्हातारी माणसे, अपंग आणि कधी शाळेतली पोरे. मुलगा आहे, म्हणून कागदावर ही म्हातारी निराधार नव्हेत. मुलगा सहा महिने फडावर आहे, म्हणून प्रत्यक्षात आहेत. कोणत्या रकान्यात त्यांची नोंद करावी?

याच जामखेडात १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. कुष्ठरोग्यांना वेगळ्या वसाहतीत न धाडता त्यांच्या घरी, त्यांच्या गावात उपचार मिळावेत असा आग्रह धरला. प्रकल्पाच्याच कार्यशाळेत कृत्रिम पाय तयार होऊ लागले. त्यांच्या कामाचा भर प्रामुख्याने माता, बालके आणि साथीचे रोग यांवर होता, हे खरे. वृद्धांच्या दीर्घकालीन सेवेचा आराखडा म्हणून त्याकडे पाहणे अतिशयोक्तीचे होईल. तरी तत्त्व तिथे सापडते : माणूस सेवेपर्यंत नेण्याऐवजी सेवा माणसाच्या उंबऱ्यापर्यंत न्यावी, आणि ती नेणारी बाई त्याच गावची असावी. पुढे २००५ मध्ये देशभर ‘आशा’ कार्यकर्ती आल्या. मात्र अंथरुणावरच्या म्हाताऱ्याजवळ रोज तासभर बसणारी आणि त्या तासाचा मोबदला मिळणारी बाई आमच्या योजनांमध्ये अजून नीटशी आलेली नाही. ते काम सून, लेक किंवा शेजारीण विनामोल करते, आणि फुकट होणाऱ्या कामाला अंदाजपत्रकात रकाना नसतो.

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. ‘श्रवण’ त्याच धातूपासून आलेला, आणि श्रावणाचे नावही त्याच कुळातले. सेवेची सुरुवात ऐकण्यापासून होते, हे आपल्या भाषेला फार पूर्वी उमगले होते. शासनाने श्रावणाचे नाव घेतले आहे, तर कावडीत बसलेल्यांना काय हवे आहे ते विचारण्यापासून नव्या आराखड्याचा आरंभ व्हावा. दरमहा १५०० रुपये हे त्यांच्या हाकेला दिलेले अर्धेच उत्तर आहे.