लाटेचें माप

कडेगांवच्या माणसास लाटेची ओळख ती कितीशी असणार! सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा मुलूख; ताकारी व टेंभू या योजनांनीं कृष्णेचें पाणी वर चढविलें, तेव्हां कोठें येथील शिवारांत पाट खळखळूं लागले. अशा गांवच्या वाचकांपुढें समुद्राच्या लाटा मोजण्याची हकीगत मांडणें विसंगत वाटेल. परंतु ही विद्या महाराष्ट्रांत ज्या संस्थेंत वाढली, तिचा जन्म दुष्काळाच्या चिंतेंतूनच झालेला आहे.

१९१६ सालीं मुंबई इलाख्याच्या सरकारनें पाटबंधाऱ्याच्या प्रश्नांसाठीं एक लहानसा खास विभाग काढला. अवर्षणाच्या भागांत शेतीस पाणी कसें पुरवावें, एवढाच त्याचा हेतु होता. पुढें पुण्याजवळ खडकवासल्यास नद्याकालव्यांच्या लहान प्रतिकृति बांधून प्रयोग होऊं लागले. १९३६ सालीं ही संस्था हिंदुस्थान सरकारनें आपल्याकडे घेतली, आणि स्वातंत्र्यानंतर धरणांबरोबर बंदरांचे प्रश्नही तिच्यापुढें आले. आजचें केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र तें हेंच. पाटाचें पाणी मोजणाऱ्यांना आतां लाटा मोजणें भाग पडलें.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. पाटाच्या संथ पाण्याला टोंकदार सुई टेकवून उंची वाचतां येते. लाट मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. जर्मनींतील वेबर बंधूंनीं १८२५ सालीं लाटांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांनीं कांचेच्या भिंतींची अरुंद पन्हळ करून आंतील पाणी न्याहाळलें होतें. परंतु कांचेंतून पाहणारा डोळाही फसतो. म्हणून पुढें विजेचें साह्य घेण्यांत आलें.

दोन बारीक धातूच्या तारा शेजारीं शेजारीं पाण्यांत उभ्या रोवावयाच्या व त्यांमधून वीज सोडावयाची. लाट चढली कीं तारांचा अधिक भाग भिजतो व प्रवाह वाढतो. ती उतरली कीं प्रवाह घटतो. या चढउताराची नोंद हेंच लाटेचें चित्र. एका दिशेनें वाहणारी वीज वापरल्यास तारांवर रासायनिक क्रिया होऊन माप बिघडतें; यास्तव दिशा सतत पालटणारी वीज घ्यावी लागते. शिवाय सकाळचें पाणी दुपारीं तापलें कीं त्याची वीज वाहून नेण्याची शक्ति वाढते, आणि लाट तीच असतां मापक ती मोठी सांगूं लागतो! त्यामुळें स्थिर पाण्यांत तारा ठराविक अंतरानें वर-खालीं करून मापकाची परीक्षा वरचेवर घ्यावी लागते. बांधावर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेंत मिसळते, ती अडचण निराळीच. दोहोंचा हिशेब वेगळा करण्यास एक मापक पुरत नाहीं. ठराविक अंतरांवर दोन-तीन ठेवावे लागतात.

इतका खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. प्रतिकृति शंभरपट लहान असेल, तर समुद्रांतील ५ मीटरांची लाट हौदांत ५ सेंटिमीटरांची होते, आणि फ्रूडच्या नियमानें १० सेकंदांची लाट १ सेकंदांत येऊन जाते. तेथें २ मिलिमीटरांची चूक म्हणजे समुद्रावर २० सेंटिमीटरांची. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाहीं. लाट अडविणाऱ्या बांधाच्या दगडाचें वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. खरी लाट मापलेल्या लाटेहून दहा टक्के उंच निघाली, तर दगड एक-तृतीयांशानें जड हवा होता असें ठरतें. तो हलका पडला, बांध ढांसळला, म्हणजे त्याच्या आसऱ्यास उभ्या असलेल्या कोळ्यांच्या होड्यांचें काय होणार, हें सांगावयास नको.

आणि कडेगांवच्या शेतकऱ्याला तरी हा हिशेब परका कोठें आहे? पाटाच्या अरुंद केलेल्या तोंडाशीं पाण्याची उंची वाचून प्रवाह ठरवितात. तेथें उंची दहा टक्के चुकली कीं पाणी सुमारें पंधरा टक्के चुकतें, आणि ती तूट शेवटच्या शेताच्या पाळींत येते. पट्टीवरची लहानशी चूक वाचणाऱ्याच्या वहींत राहत नाहीं. ती कोणाच्या तरी होडीवर नाहींतर पिकावर जाऊन पडते. खडकवासल्याच्या हौदांतील त्या दोन तारांकडे आम्हीं पाहावें तें याच जाणिवेनें.